वेलाला आधार कशासाठी?

आपल्या समाजातल्या बहुतेक घरांत एखादा तरी मनी प्लांट असतोच. घर दिमोनात असो, अश्दोदला असो की लोदला, कपाटावर कुंडी ठेवलेली आणि वेल खाली सोडलेला. इथल्या मिश्तलात त्याला पोथोस म्हणतात. आपल्या तोंडी मनी प्लांटच बसलेले आहे. वर्षे जातात, वेल भिंतीवरून दाराकडे पोचतो आणि मग तक्रार सुरू होते. पाने बारीक झाली, मधला भाग उघडा पडला, टोकाला तेवढी चार पाने उरली. कोणी खताची बाटली आणतो, कोणी 'हॉर्मोन' लिहिलेली पुडी आणतो. शेवटी मुले म्हणतात, "ईमा, टाकून दे. नवीन आणू."

या लेखात आम्हांला एवढेच सांगायचे आहे, की असा वेल बहुधा आजारी नसतो आणि उपाशीही नसतो. तो आधार शोधत असतो. त्याला चढायला उभा आणि ओलसर आधार दिला तर तोच वेल, त्याच कुंडीत, मोठी पाने धरू लागतो. विकतच्या पुडीने जे होत नाही ते काथ्या गुंडाळलेल्या काठीने होते. कारण वेलाच्या अंगात त्याची स्वतःची संप्रेरके आहेतच. आधार मिळाला की ती योग्य कामाला लागतात. हे कसे घडते ते क्रमाने पाहू.

एकच वेल, दोन रूपे

मनी प्लांट मूळचा दक्षिण पॅसिफिक महासागरातल्या, ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरचा. रानात तो जमिनीवरून सरपटत जातो आणि झाड सापडले की बुंध्याला चिकटून वर चढतो. चढताना दर नवे पान आधीच्या पानाहून थोडे मोठे येते. उंच गेलेल्या वेलाची पाने हातभर लांब होतात आणि त्यांच्या कडा फाटतात. मुंबईच्या जुन्या बागांत किंवा कोकणातल्या वाड्यांत आंब्याच्या बुंध्यावर चढलेला मनी प्लांट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही पाने आठवतील. पुष्कळांना तो निराळाच वेल वाटतो. तो निराळा नाही. कपाटावरून लोंबणारा आणि आंब्यावर चढलेला, दोन्ही एकच.

उलटही तितकेच खरे आहे. चढलेल्या वेलाचा शेंडा आधार सुटून खाली लोंबू लागला, की नवी पाने लहान लहान होत जातात आणि दोन पेरांमधले कांडे लांबते. रानात याला अर्थ आहे. आधार सुटलेल्या वेलाला दुसरे झाड गाठायचे असते. अशा वेळी मोठी पाने करण्यात बळ खर्च करणे परवडत नाही. दोरीसारखे लांब, हलके खोड करून पुढे सरकणे फायद्याचे असते. आपल्या कपाटावरचा वेल हेच करीत असतो. दिमोनाच्या चौथ्या मजल्यावर बिचारा मोरेआचे झाड शोधत असतो!

आपल्या वाडवडिलांच्या मुलखात ही गोष्ट बागाईतदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोकणातल्या वाडीत मिरीचा वेल पोफळीवर किंवा नारळावर चढवतात. तो मुळांनी खोडाला धरतो, आणि मिरीचे घोस येतात ते चढलेल्या भागाला फुटणाऱ्या आडव्या फांद्यांवर. जमिनीवर सरपटणाऱ्या फुटव्यांवर मिरी धरत नाही. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे अशी आडवी फळफांदी कापून लावली, तर तिचा वेल होत नाही. झुडूप होते आणि ते कुंडीतही मिरी देते. एकाच वेलाचे दोन भाग, पण दोघांची चाल वेगळी. पानमळ्यातही आधी शेवरी, पांगारा किंवा हादगा लावतात आणि मग विड्याच्या पानांचा वेल त्यावर चढवतात. आधार आधी, वेल मागून.

प्रत्येक वेल सारखा चढत नाही

आधार द्यायचा म्हणजे कोणताही आधार चालतो असे नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ साली वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला आणि त्या कशाकशाने चढतात ते पाहून त्यांचे गट पाडले. आपल्या कामापुरते तीन गट लक्षात ठेवले तरी पुरे. गोकर्ण, गुळवेल हे खोडानेच आधाराभोवती वेढे घेतात. काकडी, कारले, द्राक्ष यांना तणावे असतात. तणावा काडीला लागला की काही वेळात तिच्याभोवती गुंडाळतो. मिरी, पानवेल, मनी प्लांट आणि भिंतीवर चढणारी आयव्ही हे मुळांनी धरून चढतात. आयव्हीला इथे किसूस म्हणतात.

म्हणून दोरा बांधून दिला तर काकडी त्यावर आनंदाने चढेल, मनी प्लांट चढणार नाही. खिळे ठोकून, दोरा लावून मनी प्लांट खिडकीभोवती फिरवलेला आपण पाहतो. तो वर गेलेला दिसतो खरा, पण त्याच्या मुळांना धरायला काही मिळालेले नसते. वेलाच्या दृष्टीने तो अजून लोंबकळतच आहे. त्याला दोरा नको, बुंधा हवा: खडबडीत, रुंद आणि ओल धरून ठेवणारा.

रानातले रोपटे बुंधा शोधते कसे, याचाही अभ्यास झालेला आहे. मनी प्लांटच्याच कुळातल्या मॉन्स्टेराच्या एका जातीवर कोस्टा रिकाच्या जंगलात निरीक्षणे झाली आणि ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. बी रुजल्यावर ते कोवळे रोप उजेडाकडे न जाता काळोखाकडे सरपटत जाते, कारण जंगलात सर्वांत गडद सावली म्हणजे जवळच्या मोठ्या झाडाचा बुंधा. बुंध्याला लागल्यावर मात्र ते उजेडाकडे वळून वर चढू लागते. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी ही समज आहे. ती पेशींपर्यंत पोचवण्यात संप्रेरकांचा मोठा वाटा असतो.

संप्रेरके म्हणजे निरोप

आपण शाळेत संप्रेरक हा शब्द शिकलो. इथे सर्व जण हॉर्मोन म्हणतात. वनस्पतीच्या एका भागात तयार होऊन दुसऱ्या भागाला 'वाढ', 'थांब', 'मूळ फोड', 'वळ' असे सांगणारे हे पदार्थ. त्यांचे प्रमाण अत्यंत अल्प असते. अन्न म्हणजे धान्य, तर संप्रेरक म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठीने पोट भरत नाही, पण चिठ्ठी आल्यावाचून काम सुरू होत नाही.

पहिले संप्रेरक ऑक्झिन. १८८० साली डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांवर प्रयोग केले. अंकुर उजेडाकडे वळतो. पण त्याच्या टोकावर अपारदर्शक टोपी घातली तर वळत नाही. वळतो खालचा भाग, पण हुकूम सुटतो टोकातून. पुढे डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी अंकुराची टोके आगरच्या तुकड्यांवर ठेवून तो पदार्थ आगरमध्ये उतरवून दाखवला. त्यांचे काम १९२८ साली प्रसिद्ध झाले. ऑक्झिन कोवळ्या शेंड्यात तयार होते आणि तिथून खोडाच्या बुडाकडे वाहत जाते. वाटेत ते बगलेतल्या डोळ्यांना दबवून ठेवते. म्हणूनच शेंडा शाबूत असेपर्यंत वेलाला बाजूचे फुटवे कमी येतात आणि शेंडा खुडला की मागचे डोळे जागे होतात. पेरांवर मुळे फुटण्यामागेही ऑक्झिनच असते.

दुसरे सायटोकायनिन. ते मोठ्या प्रमाणात मुळांच्या टोकांशी तयार होते आणि पाण्याबरोबर वर जाते. पेशींची विभागणी वाढवणे, डोळे जागे करणे, पान लवकर पिवळे पडू न देणे ही त्याची कामे. शेंड्याचे ऑक्झिन खाली येते, मुळांचे सायटोकायनिन वर जाते, आणि दोहोंच्या प्रमाणावर रोपाचा आकार बराच अवलंबून राहतो.

तिसरे जिबरेलिन. १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने तैवानात भाताच्या एका रोगाचा शोध घेतला. त्या रोगात रोपे वेड्यासारखी उंच वाढतात आणि कोलमडतात. बुरशीतून निघणारा एक पदार्थ हे घडवतो असे त्याने दाखवले. पुढे कळले की असे पदार्थ निरोगी वनस्पतीही स्वतः तयार करतात. कांडी लांबवणे हे जिबरेलिनचे मुख्य काम.

चौथे इथिलीन. हा वायू आहे. पिकलेल्या केळ्याजवळ कच्ची फळे लवकर पिकतात ती याच्यामुळे. स्पर्श झाला, खोड वाकले, वाऱ्याने हलले की वनस्पतीत इथिलीन वाढते आणि खोड आखूड व जाड होऊ लागते. यावरून जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: नुकत्याच लावलेल्या झाडाला काठीशी करकचून बांधू नये. वाऱ्यावर थोडे हलू दिले तर त्याचा बुंधा भरतो. स्वतःच्या पायावर उभे राहणाऱ्या झाडाला फार आधार दिला तर ते किडकिडीत राहते. वेलाचे नेमके उलट आहे.

आधार मिळाल्यावर काय घडते

आता हे सर्व कुंडीतल्या वेलावर बसवून पाहू. लोंबणाऱ्या वेलाच्या प्रत्येक पेराला तपकिरी गाठ दिसते. ते मुळाचे सुप्त टोक. हवेत असल्यामुळे ते सुकून तसेच राहते. दोन मीटर लांब वेलाच्या टोकाला जे पाणी हवे ते सगळे कुंडीतल्या मुळांपासून त्या बारीक खोडातूनच यावे लागते.

तोच वेल ओल्या काथ्याला टेकवला, की पेरावरचे मूळ वाढून काथ्यात शिरते. आता त्या पेराला घराजवळच विहीर मिळाली. तिथून पाणी येते, विरघळलेले क्षार येतात, आणि नव्या मुळाच्या टोकात तयार झालेले सायटोकायनिनही जवळच्या पानाला मिळते. खोड हलत नाही, शेंडा वर रोखलेला राहतो, कांडी आखूड होतात आणि खोड जाड होते. जाड खोडात पाणी वाहणाऱ्या नळ्या अधिक, म्हणून पुढचे पान थोडे मोठे. मोठे पान अधिक अन्न करते, म्हणून त्यापुढचे आणखी मोठे. असा हा जिना आहे, आणि वेल एक एक पायरीच चढतो.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, जे पान आधीच उलगडले आहे ते आधार दिला म्हणून मोठे होत नाही. फरक पुढच्या पानांत दिसतो. दोन, उजेड कमी असेल तर नुसता आधार पुरत नाही. अन्न करायला उजेडच लागतो.

पुडी आणि बाटलीचे काय?

मग संप्रेरकच फवारले तर? इथेच सावध राहायला हवे. एकच संप्रेरक दोन वेलींना दोन वेगळे निरोप देते. आयव्हीचा वेल भिंतीच्या माथ्यावर पोचून प्रौढ झाला की त्याची पाने बदलतात, तो चढणे सोडतो आणि फुलतो. अशा प्रौढ आयव्हीला जिबरेलिन दिले तर ती पुन्हा बालरूपात जाते, असे १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. मनी प्लांटची गोष्ट याच्या अगदी उलट. त्याला फूल जवळजवळ कधीच येत नाही. जिबरेलिन तयार करण्याच्या त्याच्या यंत्रणेतच उणीव आहे आणि बाहेरून जिबरेलिन दिल्यावर त्याला फुले आली, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे. आयव्हीला जे मूल बनवते तेच मनी प्लांटला फुलवते. मोठी पाने हवी म्हणून घरात अंदाजाने फवारण्याची ही वस्तू नव्हे.

प्रमाणाचाही प्रश्न आहे. मिश्तलात मिळणारी 'हॉर्मोन हश्राशा' म्हणजे मुळे फुटण्याची पूड बहुधा ऑक्झिनच्याच जातीच्या पदार्थाची असते. अवघड कलमांना तिचा उपयोग होतो. पण ऑक्झिनचे प्रमाण फार झाले तर वाढ थांबते. शेतात तण मारायला वापरतात ते २,४-डी हे ऑक्झिनसारखेच काम करणारे औषध आहे! मनी प्लांटच्या पेरावर तर मूळ तयार बसलेलेच असते. त्याला पूड लावणे म्हणजे पोहणाऱ्याला पोहायला शिकवणे. ते पैसे काथ्याला घालावेत.

काम कसे करावे

पेसाह झाल्यावर, हवा उबदार झाली की हे काम काढावे. थंडीत वेल झोपल्यासारखा असतो. रात्री घरात १० अंशांच्या खाली जाऊ लागले तर त्याला इजाही होते.

एक जाड काठी किंवा नळाचा तुकडा घ्या. त्यावर काथ्या जाड गुंडाळा. टांगत्या कुंड्यांत घालतात ती काथ्याची चटईही चालते. काठी कुंडीच्या तळापर्यंत रोवा, नाहीतर वेल जड झाल्यावर सर्वच कलंडते. कुंडी उंचापुऱ्या वेलाला पेलेल अशी वजनदार असावी.

वेलाची ज्या बाजूला मुळांच्या गाठी आहेत ती बाजू काथ्याला लावा. जुन्या सुती कापडाची चिंधी घेऊन पेराजवळ सैल बांधा. पानाचा देठ बांधू नका. मुळांनी धरले की चिंध्या सोडून टाका.

काठी ओली ठेवणे हे खरे काम. अश्दोद, हैफाकडे हवेत दमटपणा असतो, तिथे आठवड्यातून दोनतीनदा काठीवर पाणी घातले तरी भागते. बेर शेवा, दिमोना, येरुहामकडे हवा कोरडी. शाराव सुटला किंवा मझगान दिवसभर चालू असला की काथ्या तासांत वाळतो. तिथे प्लास्टिकच्या बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडून ती काठीच्या माथ्याशी उलटी बांधावी. थेंब थेंब पाणी उतरत राहते. शुक्रवारी दुपारीच बाटली भरून लावली, म्हणजे शब्बाथला हात लावायची गरज पडत नाही. इथले नळाचे पाणी जड असते, काथ्यावर पांढरा थर धरतो. मझगानमधून टपकणारे पाणी त्या मानाने हलके असते. स्वच्छ बादलीत धरून ते वापरावे. मात्र कुंडीतली माती सतत चिखल ठेवू नये. काठी ओली, माती जरा वाळल्यावर पाणी.

उजेड भरपूर असावा, पण दुपारचे थेट ऊन नको. पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे नाहीसे होऊ लागले तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे.

जुना वेल टाकू नका

आता त्या उघड्या पडलेल्या जुन्या वेलाकडे येऊ. पाने गळाली तरी हिरव्या, टणक खोडाच्या पेरांत डोळे जिवंत असतात. वेल मधूनच कापा. शेंड्याचे ऑक्झिन येणे थांबले की कापाच्या मागचा डोळा काही आठवड्यांत फुटतो. कापलेल्या भागाचे दोनदोन पेरांचे तुकडे करून पाण्यात ठेवा आणि मुळे आल्यावर काठीच्या बुडाशी लावा. तुकड्यात पेर असलेच पाहिजे. नुसत्या पानाला देठासकट पाण्यात ठेवले तर कधी मुळे येतात, पण डोळाच नसल्यामुळे त्यातून वेल कधीच निघत नाही.

कापताना एक काळजी घ्यावी. या वेलाच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. त्वचेला खाज सुटते. तोंडात गेला तर जीभ व घसा भाजल्यासारखा होतो. कापल्यावर हात धुवावेत, आणि नातवंडांच्या व मांजराच्या तोंडापासून तुकडे दूर ठेवावेत.

आमच्या लहानपणी म्हणत, मनी प्लांट विकत आणू नये, चोरून आणावा, तरच पैसा येतो. आणि तो खाली लोंबू देऊ नये, नाहीतर पैसा उतरतो. पैशाविषयी आम्ही काही सांगत नाही. पण खाली सोडलेल्या वेलाची पाने उतरतात, हे मात्र खरे. आणि फूल नाही, बी नाही, म्हणून घराघरांतला मनी प्लांट हा कोणीतरी कोणाला तरी दिलेल्या तुकड्याचाच वेल आहे. आईच्या घरचा, शेजारणीच्या घरचा, गेलेल्या बहिणीच्या घरचा. असा वेल टाकून दुकानातून दुसरा आणला तर जागा भरते, पण तो तुकडा परत मिळत नाही.

तेव्हा या वर्षी पेसाहनंतर काठी रोवा, वेल टेकवा, काठी ओली ठेवा. घाई करू नका. पहिली दोन पाने आधीसारखीच येतील. पुढे येणारे प्रत्येक पान आधीच्या पानाशेजारी हात ठेवून मोजत जा. सुक्कोथ येईपर्यंत फरक तुमचा तुम्हांलाच दिसेल.